अपघातापूर्वीची स्थिती

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या ट्रान्स्पोर्ट कंपनीत त्यांना नावानं कुणीच हाक मारत नसे. ड्रायव्हर, हमाल, समोरचा चहावाला, सगळे त्यांना नुकसानसाहेब म्हणत, आणि तेही तोंडावर. भर रस्त्यात कुणी "नुकसानसाहेब, रामराम" म्हटलं की सोबतचा परका माणूस दचकायचा. साहेब मात्र खिशातली टेप चाचपत विचारायचे, "रामराम. कुठं काय लागलं-धडकलं न्हाय न्हवं?" नाही म्हटलं की जरा हिरमुसल्यासारखे पुढं जायचे.

त्यांचं काम एकच. आमच्या गाडीनं वाटेत कुणाची वस्तू मोडली तर ती जाऊन बघायची आणि लिहायची. माणसाला लागलं तर ते पोलीस आणि दवाखाना बघणार, गाडीतल्या मालाचं काही झालं तर गोडाऊनवाले. साहेबांच्या वाट्याला यायच्या त्या भिंती, कुंपणं, विजेचे खांब, पानपट्ट्या, दुकानांच्या पाट्या आणि एकदा लग्नाची कमान, नवरा-नवरीच्या नावासकट. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, हा माणूस खुळा आहे. पुढची चार वर्षंही वाटायचं, पण तेव्हा दुसऱ्या कुणी तसं म्हटलेलं मी खपवून घेत नव्हते.

मी शिवाजी पेठेतली. आमच्याकडं गाडीला गाडी घासली की रीत ठरलेली आहे. दोघांनी खाली उतरायचं, आवाज चढवायचा, एकमेकांचं गाव, तालीम, पैपावणे काढायचे, चौघं गोळा करायचे, आणि त्या चौघांतला कुणी "जाऊ दे की, मिटवा आता" म्हणाला की सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा. साहेबांना हा मिटवायचा प्रकार अजिबात सहन होत नसे. मी कामाला लागले त्याच आठवड्यात एका ड्रायव्हरनं खुशीत येऊन सांगितलं, कुंपण पडलं होतं पण मिटवलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे कुंपण हुबं ऱ्हायलं?" ड्रायव्हर म्हणाला, न्हाय. "मग काय मिटलं?" ड्रायव्हरनं बराच विचार केला आणि म्हणाला, भांडण. साहेबांनी त्याच्या हातात फॉर्म दिला.

हा फॉर्म त्यांनी स्वतः तयार केलेला होता, चार पानी. वस्तू कुणाची, जागा कुठली, किती वाजले होते, गाडीचा कुठला भाग लागला, असं सगळं त्यात होतं. पण साहेबांचा जीव होता दुसऱ्या पानावरच्या एका रकान्यात. त्याचं नाव 'अपघातापूर्वीची स्थिती'. पडलेली भिंत कुणालाही दिसते, ती पडायच्या आधी कशी उभी होती ते लिहायला अक्कल लागते, असं त्यांचं म्हणणं. "आधीचं लिव अक्का," ते मला म्हणायचे, "आत्ताचं काय, पावसालाबी दिसतंय." ते मूळचे कुरुंदवाडचे. बाईमाणूस दिसलं की अक्का. मी चोवीस वर्षांची होते तेव्हाही अक्का आणि मालकांची म्हातारी आई आली तरी अक्का.

आता सगळे ड्रायव्हर मोबाइलवर फोटो काढून पाठवतात. साहेब ते बघायचे, पण मानायचे नाहीत. फोटोला वास नसतो म्हणायचे. मी पहिल्यांदा हसले होते. मग एकदा उचगावच्या बाजूला एका गोडाऊनच्या भिंतीपाशी आम्ही गेलो. आमच्या ट्रकनं ती पंधरा दिवसांपूर्वी पाडली असं गोडाऊनवाल्याचं म्हणणं. साहेबांनी चष्मा काढला, पडलेल्या तुकड्याला नाक लावलं, खिळ्यानं थोडं खरवडलं आणि विचारलं, "पावणं, पंधरा दिसामागं पडली म्हणताय, तर ही कालपरवा बांधली कुणी?" गोडाऊनवाल्यानं आम्हाला चहा विचारला. साहेब जागेवर कधी चहा घेत नसत. ते पाणीसुद्धा घरून नेत.

आमच्या पेठेतलं प्रकरण तर मी मेल्यावरही विसरणार नाही. कंपनीचा टेम्पो मागं घेताना एका फुटबॉल मंडळाच्या फलकाला लागला. आम्ही पोचलो तर तीसेक पोरं गोळा झालेली, त्यातली निम्मी मला ओळखणारी. मी ओढणी तोंडावर घेतली. साहेबांनी मात्र फॉर्म काढला आणि सावकाश विचारलं, काय काय गेलं. पोरांनी यादी सांगितली. फलक, दोन ट्यूबलाइट, झेंड्याची काठी. मागून एकजण म्हणाला, "आणि मंडळाची इज्जत." सगळे साहेबांकडं बघायला लागले. साहेबांनी चौथ्या ओळीवर 'इज्जत' लिहिलं, आणि मान वर करून विचारलं, "अपघातापूर्वीची स्थिती?"

शेवटी त्यातला एक थोराड पोरगा म्हणाला, चांगली हुती की. साहेबांनी लिहिलं, 'चांगली, मंडळाच्या सांगण्यावरून.' मग विचारलं, "आत्ताची?" पोरांनी आपसात बघितलं. चांगली नाही म्हणावं तर पंचाईत. थोराड पोरगा म्हणाला, हाय तशीच हाय. साहेबांनी लिहिलं, 'बदल नाही.' मग फलकाच्या मागं वाकून बघितलं आणि आणखी एक ओळ घातली, 'चिमणीचे घरटे, एक. मालक गैरहजर. सुस्थितीत.' मंडळानं त्यांना पुढच्या रविवारच्या सामन्याचं निमंत्रण दिलं. फाइल बंद होईपर्यंत येता येणार नाही, असं साहेबांनी लेखी कळवलं.

घरीही हेच. एकदा त्यांची स्कूटर अंगणातल्या जास्वंदीच्या कुंडीला लागली, तर त्यांनी बायकोच्या नावानं अहवाल केला. काकू तो कागद घेऊन ऑफिसात आल्या आणि मला म्हणाल्या, बाई, यांना समजावून सांग, कुंडी माझी आहे, मी सोडून दिलंय. साहेब आतून म्हणाले, सोडून दिलं ते चौथ्या पानावर लिहावं लागतं. काकूंनी लिहिलं. काय लिहिलं ते मी इथं सांगणार नाही.

एवढं सगळं कशापायी, असं मी एकदा चिडून विचारलंच. तेव्हा त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला एका ड्रायव्हरनं शाळेच्या कंपाउंडला जराशी गाडी घासली आणि कुणी बघितलं नाही म्हणून गुपचूप निघून आला. भिंतीला नुसती चीर गेली होती. नंतर एका दुपारी ती भिंत आपली आपण पडली. खाली एक शेळी होती, ती मेली. शाळा सुटायला पाच मिनिटं बाकी होती. हे सांगून साहेब बराच वेळ टेप गुंडाळत बसले.

त्यानंतर त्यांनी मालकांकडून नियम करून घेतला आणि तो ऑफिसच्या दाराशी रंगवून घेतला. 'नुकसान लपवणाऱ्यास कामावरून कमी केले जाईल.' पोलिसात कळवायला कायदा चोवीस तास देतो. साहेब त्याच दिवसाची संध्याकाळ देत. संध्याकाळ उलटली की ते लपवणं. फॉर्म लेखी पाहिजे, तोंडी चालणार नाही. बहुतेक ड्रायव्हरांना चार पानं लिहिणं जमत नसे, म्हणून ते मला सांगायचे आणि मी लिहायची. चुकलं की मी त्यांच्यावर खेकसायची. माझी जीभ तशी आहे, आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. या नियमावर माझ्या देखत दोन ड्रायव्हर घरी गेले. दोघांनी साहेबांचे पाय धरले होते. साहेबांनी पाय मागं घेतले आणि सही केली.

एकच गोष्ट साहेब फॉर्मपेक्षा मोठी मानत, ती म्हणजे संध्याकाळचं जेवण. ते जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मावळला की अन्नाला शिवायचं नाही. त्यामुळं साडेपाच वाजले की ते डायरीत दिवसाची शेवटची नोंद करून उठायचे. डायरी सोबत असायची, त्यानंतर वाटेत कुणी भेटलं तर तेही जेवून झाल्यावर त्याच पानावर चढायचं. डायरीत ते सगळं लिहायचे, कोण आलं, किती वाजता, काय म्हणालं. लिहिलं की डोकं मोकळं, म्हणायचे. आणि खरंच मोकळं व्हायचं, सकाळी काय झालं ते दुपारी विचारलं तरी डायरी उघडायचे.

आता आबांचं. माझे वडील त्याच कंपनीत ड्रायव्हर, चोवीस वर्षं. मला तिथं नोकरी लागली ती त्यांच्या शब्दावर. लिहायला-वाचायला बेताचं, पाट्या वाचता येतात, सही येते. चोवीस वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नाही, म्हणून मी घरात त्यांना आणि ऑफिसात इतरांना ऐकवायची.

एका सकाळी ऑफिसात साठीच्या पुढची एक बाई आली. काखेत बुट्टी, बुट्टीत वांगी. ती थेट साहेबांच्या टेबलापाशी गेली आणि पेंडीच्या गाडीवरचा पावणा कुठं आहे म्हणून विचारायला लागली. पेंडीची गाडी आबा चालवत होते. साहेबांनी कशाला हवाय म्हणून विचारलं. बाईनं बुट्टी टेबलावर ठेवली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "माझ्या गोठ्याचा कोपरा पाडलाता की त्येनं गाडी मागं घेताना. पण काय सांगू, आईतवारी येष्टीनं आला, थापी घिऊन, आणि सोताच्या हातानं बांधून दिला. माझ्या मालकानं बी असा बांधला नव्हता. म्हणून म्हटलं, चार वांगी दिऊन यावं."

साहेबांनी विचारलं, हे कधी झालं. बाई म्हणाली, झालं असंल तीन आठवडं. साहेब उठले, बाईला खुर्ची दिली, आणि एक पावती फाडून तिच्या हातात ठेवली. 'वांगी, अंदाजे दोन किलो, ताजी. मिळाली.'

दुपारी आबा आले. मालकांच्या केबिनमध्ये मालक, साहेब आणि दाराशी मी. कोपरा पाडला का? आबा म्हणाले, व्हय. बांधून दिला? व्हय. मग सांगितलं का नाही, मालकांनी विचारलं. आबांनी एकदा साहेबांकडं बघितलं, मग खाली फरशीकडं. "ऱ्हायलं," म्हणाले. एवढंच.

आबा तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. त्या वयाच्या आणि नुकसान लपवलं म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला अख्ख्या कोल्हापुरात कुणी गाडीची किल्ली देत नाही. धाकट्या भावाचं शिक्षण चालू, आईचं दुखणं चालू. मी साहेबांच्या मागं बाहेर गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. भिंत उभी आहे, बाई खूश आहे, वांगी तुमच्या टेबलावर आहेत, मग नुकसान आहे कुठं? साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू घरातली. ही फाइल तुझ्याकडं न्हाय. पण टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतंय. उद्या चल. लिवायचं न्हाय आणि बोलायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही बाईच्या गावी, म्हणजे साहेबांच्याच कुरुंदवाडला, गेलो. मी बोलायचं नाही म्हणून बोलले नाही, पण टेपचं टोक असं धरलं होतं की त्यांना कळावं मी चिडलेय. ऑफिसात बाईला ओळख लागली नव्हती, पण गोठ्याच्या दारात, उजेडात, तिनं साहेबांना ओळखलं. अरं, तू बस्तीच्या बोळातल्या अक्काताईंचा धाकटा न्हवं, माझ्या हातची आंबील प्यालायस की तू. साहेबांनी फॉर्म उघडला आणि विचारलं, "आपलं पूर्ण नाव?" बाईनं माझ्याकडं बघितलं. मी वर पत्र्याकडं बघितलं.

त्यांनी कोपरा मोजला. थापीनं घोटलेल्या गिलाव्यावरून हात फिरवला. आबा लहानपणी गवंड्याच्या हाताखाली होते, ते काम विसरले नव्हते. मग साहेबांनी तारीख विचारली. तारीख नुकसान झालेल्याच्या तोंडून आल्याशिवाय ते डायरी उघडत नसत. बाई म्हणाली, तारीख काय मला कळत न्हाय, पण संकष्टी हुती, मला उपास हुता. साहेबांनी डायरी काढली, पानं उलटून संकष्टीच्या दिवसाशी आले, आणि वाचत उभे राहिले. त्या दिवशी मी रजेवर होते, निपाणीला मावसबहिणीच्या लग्नाला, हे मला तिथं उभ्याउभ्या आठवलं. पण त्याचा इथं काय संबंध ते कळलं नाही.

डायरी मिटून साहेब म्हणाले, टेप धर. आणि तोच कोपरा पुन्हा मोजला. सहा वर्षांत त्यांनी एक वस्तू दोनदा मोजलेली मी बघितली नव्हती. निघताना बाईनं पाणी पुढं केलं. त्यांनी तांब्या घेतला आणि सगळा पिऊन टाकला.

सोमवारी केबिनमध्ये सुनावणी. आबा धुतलेला शर्ट घालून आले होते, परत यायचं नाही अशा हिशेबानं गाडीतला आपला देवाचा फोटोही पिशवीत घेऊन आलेले. ते बघून मला रडू यायला लागलं आणि रडू आलं म्हणून राग आला. साहेबांनी उभं राहून अहवाल वाचला. गोठ्याचा कोपरा, दगड-मातीचा, अपघातापूर्वी आतून पोखरलेला, घुशीचं बीळ एक. आता पक्का, ओळंब्यात, बीळ बंद. मालक घड्याळ बघायला लागले. मग साहेबांनी तिसरं पान उलटलं आणि त्याच आवाजात वाचलं.

"वर्दी. त्याच दिवशी सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी ड्रायव्हर कार्यालयाच्या पायरीवर हजर. नुकसान झाल्याचे सांगू लागला. वर्दी घेणारा अधिकारी जेवणासाठी निघाला होता. त्याने ऐकून घेतले नाही. तोंडी चालत नाही, फॉर्म भरून आणा, असे सांगून तो निघून गेला. ड्रायव्हरला लिहिता येत नाही हे अधिकाऱ्यास माहीत होते. फॉर्म भरून देणारी कर्मचारी त्या दिवशी रजेवर होती, हेही माहीत होते. सबब नुकसान ड्रायव्हरने लपवलेले नाही. ते वर्दी घेणाऱ्याने लपवले."

खाली त्यांची सही. वर्दी घेणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव, पूर्ण, मी पहिल्यांदा वाचलेलं.

मालक धांदरले. म्हणाले, अहो साहेब, कशाला ताणताय, कुणाचं काही गेलं नाही, मिटवून टाकू. ड्रायव्हर राहू दे, तुम्हीही राहा, ते शेवटचं वाक्य तेवढं काढा. साहेब म्हणाले, दोन माणसं या नियमावर घरी गेली आहेत. त्यांना काय सांगायचं? मला वाटत होतं त्यांनी ते वाक्य काढावं. आजही वाटतं.

आबा कामावर राहिले. साहेबांनी दिलेला राजीनामा मालकांनी आठ दिवस घेतला नाही. आठ दिवस साहेब वेळेवर येत होते आणि एकेक फाइल मला समजावून देत होते. नवव्या दिवशी टेप माझ्या टेबलावर ठेवून गेले. निरोप समारंभ नको म्हणाले. आता ते कुरुंदवाडलाच असतात. ज्या दिवशी गेले त्या दिवशी मी घरी आले ती तडक आबांवर घसरले. तीन आठवडे घरात बोलला नाहीत ते सोडा, पण त्या दिवशी केबिनमध्ये, मालकांच्या समोर, साहेबांच्या तोंडावर का नाही सांगितलं, की मी आलो होतो आणि यांनीच ऐकलं नाही? एक वाक्य बोलायचं होतं. ऱ्हायलं म्हणे.

आबा चपलेचा अंगठा शिवत बसले होते. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"बोललो असतो तर त्येंची गेली असती की नोकरी."

"आणि तुमची जात होती त्याचं काय?"

"मला थापी धरता येती," आबा म्हणाले. "त्येंला त्या फॉर्माबिगर काय येतंय?"